नववीचं कपाट : वाचनालयातल्या प्रकल्प नोंदी

५ मे २०२५

कार्यकारिणीची मंजुरी आज मिळाली. जिन्याखालचं लोखंडी कपाट आठवी ते बारावीच्या मुलांसाठी मोकळं करायचं. पाच कप्पे आहेत, तीस-पस्तीस पुस्तकं आरामात बसतील. खर्चाला ६,००० रुपये, तेही एका जुन्या वर्गणीदारांनी आईच्या स्मरणार्थ दिलेले. आपल्याकडे आधीपासून असलेल्या पुस्तकांना नवी बांधणी करून घ्यायची आणि उरलेल्या पैशांत नवी आणायची, असं ठरलं.

दुपारी देवघेव रजिस्टरं काढून बसले. गेल्या तीन वर्षांत बालविभागात नेमाने येणारी २१ मुलं मोजली. सातवीपर्यंत दर शनिवारी त्यांच्या सह्या आहेत. आठवीच्या जूनपासून त्यातली १६ नावं दिसेनाशी होतात. क्लास असतात, हातात मोबाईल येतो, हे सगळं खरं आहे. पण त्या वयाला द्यायला आपल्याकडे काय आहे, हे आधी आपण बघायला हवं. बालविभागातली पुस्तकं त्यांना लहान होतात आणि पलीकडच्या खोलीत ऐतिहासिक कादंबऱ्यांचे जाडजूड खंड. मधे काही नाही.

एक नियम मी स्वतःला घालून घेतला. कपाटात जाणारं प्रत्येक पुस्तक आधी मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणार, पूर्वी वाचलेलं असलं तरी. याद्या सगळ्यांकडे तयार असतात. सभेत आज दहा मिनिटांत वीस नावं सुचली, पण त्यातलं एखादं तरी गेल्या दहा वर्षांत कुणी उघडलंय का, असं विचारल्यावर सगळे गप्प झाले. वाचून जे वाटेल ते इथे लिहीत जाईन.

८ मे

सुरुवात ‘शाळा’पासून. मिलिंद बोकीलांची ही कादंबरी २००४ साली आली तेव्हा मी दोन रात्रींत संपवली होती. आता वीस वर्षांनी, तेही दहावीतल्या मुलाची आई म्हणून वाचताना, चार दिवस लागले.

आणीबाणीचं वर्ष, नववीचा वर्ग, मुकुंद जोशी आणि त्याची टोळी. अर्धवट बांधलेल्या इमारतीत संध्याकाळी जमून पोरं गप्पा मारत बसतात. बाहेर देशात काय चाललंय ते त्यांना मोठ्यांच्या बोलण्यातून तुकड्यातुकड्यांनी कळतं आणि त्यातला अर्धा भाग त्यांच्या डोक्यावरून जातो. मला हेच फार खरं वाटतं. त्या वयात इतिहास असाच घडतो, शेजारच्या खोलीत. लेखक मधे येऊन समजावत नाही. मुकुंदाला जेवढं दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं, आणि नववीतल्या मुलाला किती दिसतं याचं माप कुठेही चुकलेलं नाही.

आता आक्षेपाचं. ‘लाइन’ मारणं, पोरींबद्दल बोलणं, मास्तरांना ठेवलेली नावं, शिव्या. एका पालकांनी मागेच तोंडी तक्रार केली होती की हे पुस्तक मुलांच्या हाती पडेल असं ठेवू नका. मी त्यांना तेव्हा नीट उत्तर दिलं नव्हतं. आज देऊ शकते. ही भाषा पुस्तकातून पोरांकडे जात नाही. पोरांकडून ती पुस्तकात आली आहे आणि लेखकाने ती सोवळ्यात न गुंडाळता घेतली म्हणून पोरं पुढचं ऐकायला तयार होतात. पुढचं म्हणजे काय, तर एखादं माणूस आवडणं म्हणजे त्याच्यामुळे आपण थोडे घाबरणं, थोडे चांगले होणं. मुकुंदा वर्गातल्या शिरोडकर या मुलीबद्दल विचार करतो तेव्हा त्याच्यातला टवाळपणा गळून पडतो. हे वर्गात कुणी शिकवत नाही.

कपाटात जाणार, मधल्या कप्प्यात, डोळ्यांसमोर येईल असं.

१० मे

आज घडलेलं लगेच लिहून ठेवते.

नववीतून दहावीत गेलेली एक मुलगी सुट्टीत वाचनालयात मदतीला येते, पुस्तकांना पाठीवर क्रमांक चिकटवते. परवा तिने ‘शाळा’ घरी नेलं होतं. सिनेमा तिने आधीच पाहिलेला. आज परत करताना म्हणाली, “काकू, मस्त आहे. पण शिरोडकरला काय वाटत होतं ते कुठल्या पुस्तकात आहे?”

मला वाटलं, दुसरा भाग आहे का असं विचारतेय. म्हटलं, “याला पुढचा भाग नाही गं.”

“पुढचा नाही हो. तिच्या बाजूचा. ती वर्गात बसलेली असताना, सगळी पोरं बघतायत हे तिला कळतच असणार ना. मग ती काय करत होती?”

हातात खळीचा ब्रश तसाच राहिला. तीनशेच्या आसपास पानं मी दोनदा वाचली आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. मुकुंदा तिला आडनावाने ओळखतो, आपणही आडनावानेच ओळखतो. कादंबरी मुकुंदाची आहे, त्याला जेवढं कळतं तेवढंच तिच्याबद्दल येणार, त्यात लेखकाचा दोष नाही, असं मी तिला सांगितलं. ते खरंच आहे. पण तिने विचारलं होतं वेगळंच. मुकुंदाचं आहे, तसं तिचं कुठे आहे?

“शोधते,” म्हटलं.

१४ मे

‘पाडस’. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांची मूळ कादंबरी १९३८ची, पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर मिळालं. राम पटवर्धनांनी केलेला हा अनुवाद मराठीत इतका मुरला आहे की फ्लोरिडातलं ते रान वाचताना परकं वाटत नाही. आपल्या प्रतीचा पुठ्ठा सुटला आहे आणि मागच्या पानांना कसर लागली आहे. बांधणीला देण्याच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवली.

बापाला साप चावतो. विष ओढून घ्यायला तो तिथल्या तिथे एक हरिणी मारतो आणि तिचं काळीज वापरतो. तिचं पिल्लू पोरकं होतं, ते ज्योडी घरी आणतो. म्हणजे ज्योडीचा बाप जगला तो त्या पिल्लाच्या आईच्या जिवावर. हे लेखिका पुन्हा उगाळत नाही, पण शेवटापर्यंत ते आपल्या मनातून जात नाही. पाडस मोठं होतं, मक्याचं कोवळं पीक खातं, पुन्हा पेरलेलंही खातं. कुंपण उंच करून होत नाही. शेवटी आई बंदूक उचलते, तिचा नेम नीट बसत नाही, आणि उरलेलं काम मुलाला करावं लागतं.

बारा-तेरा वर्षांच्या मुलाला हे द्यावं का, यावर आमच्या कार्यवाहांशी बराच वेळ बोलले. ते म्हणाले, “ताई, पोरं रडतील.” रडतीलच. मीही काल रात्री स्वयंपाकघरात बसून रडले. पण या रडण्यात फसवणूक नाही. घरात खायला नसणं म्हणजे काय, हे या पुस्तकात मक्याच्या दाण्यांत मोजलेलं आहे. आईला खलनायिका केलेलं नाही, बापाला देव केलेलं नाही. ज्योडी घरातून निघून जातो, उपाशी फिरतो, परत येतो, तेव्हा बाप त्याला मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोलतो. मुलांसाठी म्हणून लिहिलेल्या पुस्तकांत शेवटी मोठी माणसं मुलांना समजावतात. इथे बाप आपलंही दुखणं मुलापुढे ठेवतो. किती फरक पडतो त्याने!

१७ मे

पुरस्कारप्राप्त पुस्तकं वाचण्याचा आठवडा. साहित्य अकादमीच्या बालसाहित्य पुरस्कारांतल्या मराठी कादंबऱ्या मागवल्या होत्या. सलीम मुल्लांची ‘जंगल खजिन्याचा शोध’ (२०१९), संगीता बर्वे यांची ‘पियूची वही’ (२०२२), भारत सासणे यांची ‘समशेर आणि भूतबंगला’ (२०२४).

तिन्ही वाचनीय आहेत आणि तिन्ही बालविभागातच राहणार. पाचवी-सहावीच्या मुलांना पियूची रोजनिशी हातात दिली तर ती स्वतःची वही घालतील, एवढी ती जवळची आहे. रहस्य आणि जंगल यांची ओढही त्याच वयाची. नववीतल्या मुलाला मात्र ही पुस्तकं धाकट्या भावाची वाटतील, आणि त्या वयात याहून मोठा अपमान नसतो.

वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली आणि ती मला आधीच दिसायला हवी होती. बालसाहित्य पुरस्कारात ‘बाल’ हे वाचकाचं वय आहे. युवा पुरस्कारात ‘युवा’ हे लेखकाचं वय, पस्तिशीच्या आतलं. पंधरा वर्षांच्या वाचकाला समोर ठेवून लिहिलेल्या पुस्तकाला यात वेगळं घर नाही. मग प्रकाशकांच्या याद्यांतही ते नाही, आणि आमच्यासारख्या वाचनालयांच्या खोल्यांतही नाही. आमच्याकडचा जिना त्या दोन खोल्यांच्या मधोमध आहे.

‘हॅरी पॉटर आणि परीस’ मात्र बालविभागातून इकडे आणते. मुलं या वयातही ते पुन्हा पुन्हा नेतात. ‘परीस’ हा शब्द ज्याला सुचला त्याला मनापासून दाद द्यावीशी वाटते. परकी कल्पना एका शब्दात आपल्या आजीच्या गोष्टीत येऊन बसली.

२१ मे

काल रात्रभर पाऊस. मे महिन्यात असा पाऊस मी या गावात पाहिला नव्हता. सकाळी कुलूप काढलं तर जिन्याखाली ओल. कपाट भिंतीला टेकून होतं, सगळ्यात खालच्या कप्प्यातल्या चार पुस्तकांनी पाणी ओढलं होतं. पानांमध्ये वर्तमानपत्राचे कागद घालून पंख्याखाली उभी करून ठेवली. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं आणि खाली विटा घातल्या. डांबराच्या गोळ्या नव्याने आणल्या, १२० रुपये.

पंख्याजवळ बसून भिजलेल्यांपैकी एक, ‘बनगरवाडी’, पान वाळेल तसं वाचत गेले. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ची आणि पानं जेमतेम सव्वाशे-दीडशे. आमच्या भागातली मुलं औंधला सहलीला जाऊन आलेली असतात, तिथलं संग्रहालय पाहिलेलं असतं. त्याच औंध संस्थानातली ही धनगरांची वाडी.

हे पुस्तक मी अकरावी-बारावीच्या मुलांना आग्रहाने देणार, कारण ते पहिल्या नोकरीचं पुस्तक आहे आणि असं कुणी सांगत नाही. कोवळा पोरगा मास्तर म्हणून एकटा माळरान तुडवत वाडीवर येतो. शाळेत मुलं नाहीत. लोकांना त्याच्याशी काय बोलावं कळत नाही, त्याला लोकांशी. मग हळूहळू लोक पत्र लिहून घ्यायला येतात, भांडण सोडवायला येतात, आणि त्याच्या लक्षात येतं की आता आपण इथले झालो. आमच्याकडची कितीतरी मुलं बारावीनंतर पुण्याला, चाकणला कंपनीत लागतात. पहिल्या पगाराच्या महिन्यात जो एकटेपणा येतो, तो त्यांना या पुस्तकात भेटेल.

आणि तो शेवटचा दुष्काळ. माणसं मेंढरं घेऊन निघून जातात, वाडी रिकामी होते. लेखक हंबरडा फोडत नाही. साधी वाक्यं एकापुढे एक येत राहतात आणि आपला घसा दाटतो. मला मराठी गद्यात याहून स्वच्छ काही माहीत नाही.

तालमीच्या प्रकरणाची पानं मात्र वाळल्यावर फुगली आहेत. ही प्रत वाचता येईल, पण मुलांसाठी नवी घ्यायची.

२६ मे

मोसमी पाऊस मुंबईत पोचल्याची बातमी आली. इतक्या लवकर तो कधी आला नव्हता म्हणतात. वाचनालयात चिटपाखरू नाही. प्रकाश नारायण संतांची चारही पुस्तकं घेऊन बसले. ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’. कादंबरी नव्हे, कथा आहेत, पण सलग वाचल्या तर एकाच मुलाची एक मोठी कादंबरी होते. संत कराडच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत. आमच्या गावातल्या काही ज्येष्ठांना त्यांचे तास आठवतात.

लंपन आजी-आजोबांकडे राहतो, बेळगावकडच्या मुलखात. त्याच्या मराठीत कानडी मिसळलेलं, त्याचं ‘मॅडसारखं’ होणं, एखादी गोष्ट ‘एकोणीसशे’ वेळा करणं. मुलांना ही भाषा आवडेल का याची मला धास्ती होती. म्हणून मदतीला येणाऱ्या त्या मुलीला आणि तिच्या भावाला एक कथा मोठ्याने वाचून दाखवली. भाऊ सहावीतला. तो ‘एकोणीसशे’ ऐकून जो हसायला लागला तो थांबेना. बहीण शांत होती. संपल्यावर लंपनच्या मैत्रिणीबद्दल म्हणाली, “सुमी पण छान आहे. पण तीही लंपनलाच दिसते तेवढीच.”

तिचा प्रश्न तिने सोडलेला नाही. मीही सोडलेला नाही.

माझं मत, ‘वनवास’ सातवी-आठवीपासून, ‘झुंबर’ मात्र नंतर. त्यात वडील जातात. लंपनच्या त्या सगळ्या बडबडीला तिथे एकदम खाली ओढणारं काहीतरी येतं. आधीची तीन पुस्तकं ज्याने प्रेमाने वाचली आहेत, त्यालाच त्याचं वजन कळेल.

३० मे

‘झोंबी’. आनंद यादवांची ही आत्मचरित्रात्मक कादंबरी १९८७ची, साहित्य अकादमी १९९०ला. पु. ल. देशपांड्यांची प्रस्तावना आहे. प्रस्तावना आधी वाचू नका, असं मी मुलांना सांगणार. मोठ्या माणसाने आधीच डोळे पुसलेले पाहिले की आपल्याला काय वाटतंय ते कळत नाही.

कागलचा मुलगा, शिकायचं वेड, आणि त्याला शाळेतून ओढून मळ्यात जुंपणारा बाप. पुस्तक जाड आहे आणि मधे ते तेच तेच होतं. मार, शाळा सुटणं, पुन्हा शाळा, पुन्हा मार. संपादकाने शंभर पानं कमी केली असती तर बरं झालं असतं, असं मला पूर्वी वाटायचं. आज तसं वाटत नाही, त्याचं कारण आजच समोर आलं.

ऊसतोडीच्या टोळीबरोबर येणारा एक मुलगा गेल्या वर्षी इथेच मामाकडे शिकायला राहिला. वर्गणी भरत नाही, म्हणून पुस्तक घरी नेत नाही, इथेच उभं राहून वाचतो. बस म्हटलं तरी बसत नाही. ‘झोंबी’ माझ्या टेबलावर होतं, ते त्याने उचललं. तासाभराने पाहिलं तर पुढचं पान उलटायला बोट आधीच खाली घालून ठेवलेलं, डोळे ओळीवर. मी विचारलं, “कुठवर आलास?” म्हणाला, “पुन्हा शाळा सुटली त्याची.” मग थोडा थांबून, “आमची पण दोनदा सुटली.”

त्याच्या हिशेबाने ते तेच तेच नव्हतं. तेवढ्याच वेळा ते घडलं होतं.

त्याच्या नावाचं कार्ड केलं, अनामत मी भरली. कार्यकारिणीला कळवून ठेवते. अनामत माफीचा ठराव पुढच्या सभेत मांडायचा आहे, आणि तो एकट्यापुरता नको.

३ जून

दोन पुस्तकं, दोन्ही बारावीसाठी.

‘कोसला’ (१९६३). एका बारावीतल्या मुलाने नाव घेऊन मागितली, कुठेतरी रीलमध्ये ऐकली म्हणे. पांडुरंग सांगवीकरचं ते ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ आता मुलांना नवं वाटणार नाही, सगळे तसंच बोलतात. मला स्वतःला पुण्यातल्या होस्टेलचा भाग या खेपेला लांबलेला वाटला. पण धाकटी बहीण मनी देवीने जाते आणि हा लांब पुण्यात, ती पानं! त्यात राग आणि दुःख वेगळं करताच येत नाही. वाक्यंच मोडून पडतात. ज्या मुलांच्या घरात कोविडमध्ये कुणी गेलं आणि ज्यांना रडायलाही मिळालं नाही, त्यांच्याजवळ ही पानं जायला हवीत. देताना एवढंच सांगायचं की पहिली पन्नास पानं कंटाळा आला तरी सोडू नकोस.

‘काळेकरडे स्ट्रोक्स’, प्रणव सखदेव. २०२१चा युवा पुरस्कार. कॉलेजचं वय, मुंबईकडचं. लैंगिकता आणि नशा उघडपणे येते, ते मला खटकलं नाही. खटकलं ते हे की काही ठिकाणी पात्रांना जे वाटतं ते ती आपल्यालाच फार समजावून सांगतात. तरी या कपाटातलं आमच्या मुलांच्या सगळ्यात जवळच्या काळातलं पुस्तक हेच. बारावीच्या पुढे, मागितलं तर द्यायचं, लपवायचं नाही.

७ जून

‘चौघीजणी’, म्हणजे ‘लिटल विमेन’ ही चार बहिणींची गोष्ट, शांता शेळके यांनी मराठीत आणलेली. मी आठवीत वाचली होती, मावशीच्या घरी, उन्हाळ्यात, गच्चीच्या दारात बसून. ज्योने बाबांकडे जाणाऱ्या आईच्या खर्चासाठी आपले केस कापून विकले, तेव्हा मीही माझी वेणी हातात धरून पाहिली होती, हे अजून आठवतं.

आता वाचताना उपदेश जाणवतो. प्रत्येक चुकीनंतर आई येते आणि चार समजुतीचे शब्द सांगते. पण एका प्रसंगाला अजूनही तोड नाही. धाकटी बहीण रागाच्या भरात ज्योची हस्तलिखित वही जाळून टाकते. कित्येक वर्षांचं लिखाण. ज्यो माफ करत नाही. आई सांगते तरी करत नाही. मुलीला स्वतःचं काम असतं आणि ते जाळणं हा गुन्हा आहे, हे १८६८ साली आलेलं एक पुस्तक इतक्या ठामपणे मानतं. त्यासाठी सगळा उपदेश मी सोसायला तयार आहे.

त्या मुलीला दिलं. तीन दिवसांत परत. आवडलं. पण म्हणाली, “हे तर अमेरिकेतलं.”

आज रात्री कपाटाची यादी पुढे घेऊन बसले. मुकुंदा, लंपन, ज्योडी, कागलचा आनंदा, वाडीचा मास्तर, सांगवीकर. सगळे मुलगे. यातलं एकही पुस्तक मी काढणार नाही, सगळी माझी लाडकी आहेत. पण मुलगी या यादीत बहीण म्हणून आहे, सुमी म्हणून आहे, शिरोडकर म्हणून आहे. बघणारी म्हणून नाही. चाळीस वर्षं मी वाचतेय आणि मला ते दिसलं नाही. मीही इतकी वर्षं मुकुंदाच्याच बाकावर बसून वाचत आले.

१० जून

‘फिन्द्री’, सुनीता बोर्डे. मुलगी झाली म्हणून तुच्छतेने वापरायचा शब्द, तोच पुस्तकाचं नाव. नकोशी ठरलेली मुलगी, तिचं शिकणं, आणि तिच्या शिकण्यासाठी उभी राहिलेली तिची आई. मराठवाड्याची बोली कसदार आहे. काही जागी लेखिका पात्राच्या तोंडून थेट वाचकाशी बोलते, तिथे मी बाहेर फेकले गेले. पण मुलीच्या नजरेतून घर दिसतं, बाप दिसतो, शाळा दिसते. कपाटात हवंच.

ही मुलगी जगण्यासाठी लढते आहे. तिला वर्गात कोण आवडतो, याचा विचार करायला तिच्याकडे फुरसत नाही. मुकुंदाकडे ती आहे. मुलीला मराठी कादंबरीत नुसतं नववीत असू द्यायला, काही न सोसता, कुठे जागा आहे?

१२ जून

जुनं चाळलं. विभावरी शिरूरकरांची ‘हिंदोळ्यावर’ (१९३४) धीट आहे, पण तो मोठ्या बाईचा प्रश्न. गौरी देशपांड्यांच्या नायिका या वयाच्या पुढे निघून गेलेल्या.

मग रात्री, काहीसं थकून, लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ उघडलं. कादंबरी नाही, आत्मचरित्र आहे, १९३४ ते १९३६मध्ये भागांनी आलं. पहाट कधी झाली कळलं नाही.

काय बाई आहे! वडिलांचं सोवळ्याचं वेड, त्यात वाढलेलं पोर, अकराव्या-बाराव्या वर्षी लग्न, न सांगता घरातून निघून जाणारा नवरा. यातल्या कुठल्याही एका गोष्टीवर दुसऱ्याने रडकी कादंबरी लिहिली असती. लक्ष्मीबाई सगळं खळखळून सांगतात. नवऱ्याचा राग, स्वतःची फजिती, पोटातली भूक, अक्षरओळखीची धडपड, सगळं एकाच सुरात, माजघरात बसून सांगावं तसं. आणि ती मुलगी सगळं बघत असते. मोठी माणसं आपल्याबद्दल काय ठरवतायत, कोण कुणाला घाबरतं, कोण खोटं बोलतंय. तिच्या डोळ्यांतून काही सुटत नाही.

‘चौघीजणी’चं मूळ पुस्तक १८६८चं. लक्ष्मीबाईंचा जन्मही त्याच साली. अमेरिकेत ज्यो छापली जात होती तेव्हा इकडे ही जन्मली, आणि आपली गोष्ट आपल्या तोंडाने सांगायला तिला साठी गाठावी लागली.

कादंबरीच्या कपाटात आत्मचरित्र का, असं सभेत विचारतील. मी ठेवणार.

१६ जून

शाळा सुरू झाल्या. संध्याकाळी पाच वाजता कपाट उघडलं. २६ पुस्तकं, पाठीवर हिरवी पट्टी. नारळ वगैरे काही केलं नाही, मुलांना हाताळू दिलं. पहिल्या दिवशी ११ पुस्तकं गेली. ‘शाळा’च्या दोन्ही प्रती गेल्या, ‘पाडस’ नव्या बांधणीतलं गेलं. ‘बनगरवाडी’ कुणी उचललं नाही, बारीक दिसतं म्हणून असेल. ते उद्या माझ्या टेबलावर उघडं ठेवणार.

उसाच्या टोळीतल्या त्या मुलाने ‘झोंबी’ स्वतःच्या कार्डावर नेलं. जाताना दोनदा कार्ड खिशातून काढून पाहिलं.

खालच्या कप्प्यात चार-पाच पुस्तकांची जागा मोकळी आहे आणि १,३४० रुपये शिल्लक आहेत. कार्यवाह म्हणाले, “ताई, एखादा ऐतिहासिक संच घेऊन टाका, कप्पा भरलेला दिसेल.” नको म्हटलं. ती जागा मुलींच्या पुस्तकांसाठी राखून ठेवली आहे. कुणी लिहीत असेल तर तिचं पुस्तक यायला जागा हवी. पैसे खात्यावर तसेच राहू देत, अशी नोंद हिशेबाच्या वहीत केली.

‘स्मृतिचित्रे’ त्या मुलीला दिलं. जाडी पाहून तिने माझ्याकडे पाहिलं. म्हटलं, “तुझ्या प्रश्नाचं हे उत्तर नाही. पण ही बाई बघणारी आहे. पन्नास पानं वाच, नाही आवडलं तर परत आण.”

४ जुलै

‘स्मृतिचित्रे’ची मुदत उलटून गेली. असं तिचं होत नाही, म्हणून येताना घराकडून आले. दार आजीने उघडलं. चष्मा नाकावर, पुस्तक पालथं घातलेलं मांडीवर, मधे खूण म्हणून विजेच्या बिलाचा कागद.

“ती शाळेत गेलीय,” आजी म्हणाल्या. “ती रात्री वाचते, मी दिवसा. तिच्या पुढे आहे मी. बसा ना, चहा टाकते. ही बाई नवऱ्याला काय बोलते ते वाचून दाखवते तुम्हाला.”

तासभर बसले. परत आल्यावर रजिस्टरमध्ये पंधरा दिवस वाढवून दिले.